कान तपासून घ्या

‘गुड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ चांगला, असं आपल्याला शाळेत शिकवतात. जुन्या रेकॉर्डींच्या बाजारात ‘गुड’ म्हणजे वाईट. ‘व्हेरी गुड’ म्हणजे वाजते, पण शेजारच्या खोलीत कोणीतरी भजी तळतंय असं वाटत राहतं. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे बरी. ‘निअर मिंट’ म्हणजे खरोखर चांगली. आणि नुसतं ‘मिंट’ म्हणजे ज्या गृहस्थाने ती विकत घेतली त्याने ती जन्मात कधी ऐकली नाही. त्याखाली ‘फेअर’ आणि ‘पुअर’ अशा दोन पायऱ्या आहेत, पण त्या तबकड्यांची लोक घड्याळं करून भिंतीवर लावतात.

ही प्रतवारी माझी नव्हे. अमेरिकेत नि युरोपात जुन्या रेकॉर्डींची देवघेव करणारे लोक ती अत्यंत गंभीरपणे पाळत आले आहेत. मला मात्र ती पहिल्यांदा वाचली तेव्हा अगदी घरची वाटली. बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला साहेबाच्या ‘काम समाधानकारक आहे’ या शेऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लग्नाच्या जाहिरातीतसुद्धा ‘मुलगा मनमिळाऊ’ एवढंच छापलेलं असलं, की पगाराचं काय ते आपण समजून घेतो.

तर विषय आहे वापरलेल्या, दुसऱ्याच्या घरातून निघालेल्या जॅझच्या एल.पी. जमवण्याचा. हा नाद मला आहे. तो का आहे, हे कृपया विचारू नका. घरी विचारून झालेलं आहे. त्यापेक्षा हा नाद जगात लोकांना लागला कसा, त्याची कथा जास्त रंजक आहे, आणि शेवटी ती हिशेबावर येते, म्हणजे माझ्या प्रांतात येते.

जॅझच का, एवढं आधी सांगतो. आपल्याकडे यमन सगळेच गातात. पण अमुक बुवा तमुक सालच्या मैफलीत जो यमन गायले, तबल्याला कोण होतं, आणि बुवांनी मध्येच हार्मोनियमवाल्याकडे कसं पाहिलं, हे सांगणारी माणसं असतातच. ती कॅन्टीनमध्ये नेमकी आपल्याच टेबलावर येऊन बसतात. जॅझचंही तेच. धून सगळ्यांची तीच असते. ती घेऊन त्या दुपारी, त्या पाच जणांनी, त्या चार मिनिटांत काय केलं, हा सगळा मामला. ते पुन्हा कधी तसं होत नाही. त्यामुळे तो दिवस ज्या तबकडीत अडकला ती तबकडी म्हणजे दस्तऐवज. मराठी माणसाला जॅझ कळायला वेळ लागत असेल, पण जॅझचा नादिष्ट चटकन ओळखू येतो, तो याचमुळे.

या नादिष्टांचा चित्रगुप्त होता शार्ल दलोने, पॅरिसचा. आईवडील दोघेही नामांकित चित्रकार, रोबेर आणि सोनिया दलोने. (ही नावं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.) अशा घरातल्या मुलाने काहीतरी रंगीबेरंगी करायचं, तर या पठ्ठ्याने १९३६ साली चक्क याद्यांचं पुस्तक काढलं. ‘हॉट डिस्कोग्राफी’. कुठली रेकॉर्ड, कधी मुद्रित झाली, तबकडीवर कोरलेला क्रमांक काय, आणि मुख्य म्हणजे वाजवत होतं कोण. कारण कंपन्या लेबलवर बँडमास्तराचं नाव छापायच्या. बाकीचे सात-आठ वादक म्हणजे ‘व इतर’. दलोनेने त्या ‘व इतर’ मंडळींना नावं दिली. हे काम किती कोरडं असतं ते मला ठाऊक आहे, कारण मी खातेवह्यांत तेच करतो. पण माझ्या खातेवह्या वाचून अजून कोणी वेडं झालेलं नाही. दलोनेच्या याद्या हातात धरून मात्र लोक भंगाराच्या दुकानांत शिरले.

न्यूयॉर्कला ४२व्या रस्त्यावर कमोडोर म्युझिक शॉप नावाचं दुकान होतं, मिल्ट गेबलर या माणसाचं. त्याने कंपन्यांनी बाद केलेल्या जुन्या रेकॉर्डी घाऊक भावाने उचलायला सुरुवात केली, आणि पुढे दुर्मीळ रेकॉर्डी पुन्हा छापून घेतल्या. लेबलवर सगळ्या वादकांची नावं घालून. त्याच्या दुकानात न जाणारे लोक जुन्या सामानाच्या धर्मादाय दुकानांतून ढिगारे उपसायचे, किंवा गावोगाव काळ्या लोकांच्या वस्त्यांत दारोदार फिरून ‘जुन्या रेकॉर्डी आहेत का हो?’ असं विचारायचे. म्हणजे आपल्याकडे भंगारवाला दारावर येतो आणि आपण खिडकीतून हाक मारतो, तिथे शिकलेसवरलेले लोक भंगारवाले होऊन हिंडत होते आणि घरातल्या बायका संशयाने पाहत होत्या. बायकांचं चुकत नव्हतं. दहा-पंधरा सेंटला घेतलेली रेकॉर्ड शहरात पोचली की तिचं सोनं व्हायचं.

या रेकॉर्डी अजून विनायलच्या नव्हत्या. त्या होत्या लाखेच्या. आणि लाख कुठली? आपली. छोटा नागपूरच्या रानातल्या किड्यांनी झाडांवर केलेली. रोख रकमेच्या थैलीला आमच्याकडे ज्या पदार्थाचं सील लावत असत, त्याच पदार्थात लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट कोरला गेला होता, हे कळल्यापासून सील या वस्तूकडे मी आदराने पाहतो. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्याचे झाले, लाख मिळेना, आणि १९४२ साली अमेरिकन सरकारने रेकॉर्डींसाठीच्या लाखेत मोठी कपात केली. मग दुकानदार म्हणू लागले, नवीन रेकॉर्ड हवी तर जुनी आणून द्या. जुनी वितळवायची आणि तिच्यातून नवी करायची. बोहारणीला जुनी साडी देऊन पातेलं घ्यावं, तसा व्यवहार. फरक इतकाच की साडी पुन्हा कुणाच्या तरी अंगावर दिसते. ती जुनी रेकॉर्ड गेली ती गेली. कोणत्या बिचाऱ्याचा कोणता सोलो वितळून कोणत्या प्रचारगीतात मुरला असेल!

त्याच वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने संप पुकारला. अध्यक्ष जेम्स पेट्रिलो. मागणी अशी : रेकॉर्ड एकदा वाजवून द्यायची आणि मग हॉटेलात, रेडिओवर तीच फिरत राहायची, आणि आम्ही घरी बसायचं, हे चालणार नाही. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डीमागे काहीतरी द्या. आमच्याही युनियनने संप केले आहेत, पण ते एक किंवा दोन दिवसांचे, आणि शक्यतो शनिवार-रविवारला जोडून. पेट्रिलोने तो दोन वर्षं ताणला. १९४३ आणि १९४४ मध्ये एकेक करून कंपन्या नमल्या आणि प्रत्येक नव्या रेकॉर्डीच्या विक्रीतून युनियनच्या निधीत पैसे जमा होऊ लागले, कामाविना बसलेल्या वादकांना काम देण्यासाठी. नव्या रेकॉर्डीच्या, हं. हेही ध्यानात ठेवा.

संप चालू असताना एका जागी मात्र वादक फुकट वाजवायला तयार होते : सैनिकांसाठी. १९४३ पासून अमेरिकन लष्कराने ‘व्ही-डिस्क’ काढल्या. बोटीच्या नि विमानाच्या प्रवासात लाखेची तबकडी फुटायची, म्हणून या बऱ्याचशा प्लॅस्टिकच्या, विनायलच्या जातीच्या. ऐंशी लाखांहून जास्त प्रती निघाल्या. बाहेर एकमेकांच्या कंपनीत पाऊल न ठेवणारे नामवंत इथे एकत्र वाजवून गेले. अट एकच, युद्ध संपलं की हा सगळा माल नष्ट करायचा. बाजारात एकही येता कामा नये. १९४९ साली योजना बंद झाली आणि सरकारने शब्द पाळला. माल जप्त, साचे भंगारात. लॉस एंजलिसमधल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या नोकराकडे अडीच हजार व्ही-डिस्क सापडल्या म्हणून त्याला तुरुंगात पाठवलं.

आता सरकारी नियमांवर माझी पोटापाण्याची श्रद्धा आहे. पण आज त्या तबकड्या लोकांच्या घरी आहेत, नव्याने छापल्या गेल्या, ऐकल्या जातात, त्या कुणामुळे? एक पूर्ण संच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये राहिला, हे खरं. बाकी सारं श्रेय ज्या शिपायांनी त्या किटबॅगेत कपड्यांच्या घडीत दडवून घरी नेल्या त्या चोरट्यांना. जॅझच्या इतिहासात चोरांबद्दल कृतज्ञतेचं एक प्रकरण हवं.

१९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने एल.पी. आणली. विनायलची, मिनिटाला सव्वातेहतीस, चुकलो, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर संगीत. आधीच्या रेकॉर्डीत तीन-चार मिनिटांत गाशा गुंडाळावा लागे. आता वादकाला पाय पसरायला जागा मिळाली. आणि इथून आमच्या नादाचा मुख्य अध्याय सुरू होतो, ज्याचं नाव ब्लू नोट.

आल्फ्रेड लायन हा बर्लिनचा. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने काळ्या कलावंतांचा एक जलसा ऐकला आणि पंधरा दिवसांत, ६ जानेवारी १९३९ ला, त्यातले दोन पियानोवादक स्टुडिओत नेऊन बसवले. अशी झाली ब्लू नोटची स्थापना. भांडवल बेताचं. त्याच वर्षी त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ हिटलरच्या जर्मनीतून निसटून आला. तो फोटो काढायचा. ही दोन ज्यू माणसं कंपनी चालवायची आणि वादकांना तालमीचेही पैसे द्यायची. तालमीचे! हा प्रकार तेव्हा त्या धंद्यात जवळजवळ नव्हता. नाटकवाल्यांनो, वाचताय ना?

यांचा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर. हा दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. आईवडिलांनी घर बांधतानाच दिवाणखान्याला लागून यंत्रांची खोली काढून दिली होती, मधे काचेची खिडकी. एल.पी. ठेवायला एक फळी मिळावी म्हणून मी घरात किती मंत्रिमंडळ-बैठका घेतल्या आहेत, ते आठवून या जन्मदात्यांना मी मनोमन नमस्कार करतो. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला आणि चष्मे सोडले.

वेष्टणं काढायचा रीड माइल्स. १९५६ पासून दहा-अकरा वर्षं त्याने अशी काही कव्हरं केली की आजही चित्रकलेच्या शाळांत ती दाखवतात. या माणसाला जॅझची आवड नव्हती. त्याला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत प्रिय. कंपनी त्याला प्रत्येक एल.पी.ची प्रत द्यायची, आणि असं सांगतात की त्या तो मित्रांना वाटायचा नाहीतर जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात नेऊन विकायचा. म्हणजे सेकंडहँड बाजाराचा पहिला पुरवठादार खुद्द कव्हरवाला!

आता, खरी पहिल्या छपाईची ब्लू नोट ओळखायची कशी? इथे माझ्यातला कारकून जागा होतो. पहिलं, लेबलवरचा पत्ता पाहा. ‘७६७ लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यू’ असेल तर १९५७ च्या आसपास किंवा आधीची. ‘४७ वेस्ट ६३’ असेल तर त्यानंतरची. नुसतं ‘न्यूयॉर्क, यू.एस.ए.’ असेल तर १९६२ च्या पुढची. दुसरं, गाणं संपून लेबल सुरू होईपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो तो उजेडात तिरका धरा. तिथे व्हॅन गेल्डरची खूण हवी. तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिथेच एक ‘कान’ हवा. हा खरं तर वळणदार इंग्रजी ‘पी’. छपाई करणाऱ्या प्लॅस्टिलाइट कारखान्याचं आद्याक्षर. पण ते दिसतं मानवी कानासारखं, म्हणून जगभर त्याला कानच म्हणतात. ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली, १९६६ पासून छपाई दुसरीकडे गेली, आणि कान गेला. गाणं तेच, वादक तेच, साचासुद्धा पुष्कळदा तोच. पण कान नाही म्हटल्यावर किंमत एकदम कोसळते. लग्नात मुलीचे कान टोचलेले नाहीत म्हणून कोणी बैठक मोडल्याचं ऐकलं नाही, इथे रोज मोडते.

या शास्त्राची परमावधी म्हणजे ब्लू नोट क्रमांक १५६८. टेनर सॅक्सोफोनवाला हँक मोबली, २३ जून १९५७ चं मुद्रण. कंपनी नुकती नव्या पत्त्यावर गेली होती. पहिल्या प्रतींच्या एका बाजूच्या लेबलवर ‘४७ वेस्ट ६३, एनवायसी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘४७ वेस्ट ६३, न्यूयॉर्क २३’. तेवीस हा टपाल विभागाचा आकडा. दोन्हीकडे ‘न्यूयॉर्क २३’ असेल तर ती प्रत चोखंदळांच्या लेखी मागाहूनची. माझ्या टेबलावर असा चेक आला, ज्यात एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरंच, तर ‘शब्द व आकडे जुळत नाहीत’ असा शेरा मारून मी तो तत्काळ परत पाठवीन. इथे जुळत नाहीत म्हणून तर हजारो डॉलर मोजतात. त्या हजारो डॉलरचे रुपये किती होतात ते मी घरात मोठ्याने कधी बोललो नाही. पत्नीही बी.कॉम. आहे.

मोबली हा वादक कसा होता? गोड. आरडाओरडा नाही, घाई नाही; तंबोऱ्याशेजारी बसून शांतपणे गाणाऱ्या गवयासारखा. १९६१ मध्ये माइल्स डेव्हिसच्या संचात होता, ब्लू नोटसाठी त्याने स्वतःच्या नावावर दोन डझनांच्या घरात एल.पी. केल्या. त्यातल्या काही कंपनीने कपाटात टाकल्या. १९६६ ला वाजवलेली एक १९७९ साली बाहेर आली. तोवर फुफ्फुसाच्या आजाराने त्याचं वाजवणं सुटलं होतं. १९८६ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात तो वारला, पंचावन्नाव्या वर्षी. त्याच्या १५६८ ला जो भाव आला त्यातला एक सेंट त्याला मिळण्याची सोय कुठल्याच व्यवहारात नव्हती.

त्याच एल.पी.वर पियानो वाजवणारा सनी क्लार्क. त्याची १९५८ ची ‘कूल स्ट्रटिन’ अमेरिकेत फारशी खपली नाही. कव्हरवर न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून चाललेल्या बाईचे उंच टाचांतले पाय, (ही एल.पी. घरी आली तेव्हा ‘यात संगीत कुठे आहे?’ असा प्रश्न मला विचारण्यात आला.) क्लार्क १९६३ मध्ये गेला, अवघा एकतिसाचा. आणि मग त्याचं नशीब उघडलं, जपानात. तिथे ‘जॅझ किस्सा’ म्हणून कॉफीची दुकानं असतात. किस्सा म्हणजे गोष्ट नव्हे, चहाचं दुकानच. तिथे एक कॉफी घ्यायची आणि मालकाच्या रेकॉर्डी गप्प बसून ऐकायच्या. गप्प बसून! आपल्या इराण्याकडे ‘जास्त वेळ बसू नये’ अशी पाटी असायची. तिथे बोलू नये अशी. हारुकी मुराकामी हा कादंबरीकार होण्याआधी टोकियोत बायकोसह असंच दुकान चालवायचा, १९७४ पासून. घरची माणसं धंद्यात सामील करून घेतली की रेकॉर्डींना फळी आपोआप मिळते, हा धडा मला फार उशिरा मिळाला. तर अशा दुकानांतून सनी क्लार्क जपानचा लाडका झाला, आणि जपानी लोकांनी अमेरिकेतले ढिगारे उपसून कान असलेल्या प्रती उचलून नेल्या.

आता मुंबईकडे वळतो, कारण माझी खरेदी भायखळ्यापलीकडे फारशी जात नाही. मटन स्ट्रीट, म्हणजे चोरबाजार. मुंबईत जॅझ कुठून आला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात : १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्याकडून इथल्या गोवेकर वादकांनी विद्या उचलली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रम्पेट वाजवू लागला, लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. आणि हाच चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांबरोबर १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतात होता. म्हणजे गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर जी गाणी ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, त्यांत ताजमधला जॅझ आधीच घुसलेला होता. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग तेच ऐक की, फुकट आहे.’’

परदेशी एल.पी. पुढे परवान्यांच्या राज्यात दुर्मीळ झाल्या. बोटीवरचे खलाशी, विमान कंपन्यांचे नोकर, वकिलातीतले साहेब यांच्या सामानातून यायच्या. बाकी दमदमला ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात परवान्याने छापलेल्या. मग वांद्रे-भायखळ्याची, पारशी कॉलन्यांतली मुलं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली, घरं रिकामी झाली, आणि गठ्ठे चोरबाजारात उतरले. चाचाच्या दुकानात त्या अजूनही कंदील, फोनचे डबडे आणि तांब्याच्या बंबाशेजारी उभ्या असतात.

तिथे मी जी गेली कित्येक वर्षं शोधतोय ती एल.पी. आहे ‘हम दोनो’. नाही, देव आनंदची नव्हे. चाचाला दर वेळी हे सांगावं लागतं, आणि दर वेळी तो देव आनंदचीच काढून देतो. ही १९६९ ची, लंडनची. गिटारवर अमान्सिओ डिसिल्वा, मुंबईत १९३६ साली जन्मलेला गोवेकर. सॅक्सोफोनवर जो हॅरिअट, जमेकाचा. विलायतेत जाऊन एक मुंबईकर आणि एक किंग्स्टनकर हिंदी नाव ठेवून जॅझ वाजवतात, ही कल्पनाच मला फार भावते. तेव्हा ती फार खपली नाही. आता पहिल्या छपाईची प्रत शेकड्यांनी पौंड मागते. जो हॅरिअट १९७३ च्या जानेवारीत साउदम्प्टनला कॅन्सरने गेला. वय चव्वेचाळीस, खिशात जवळजवळ काही नाही.

आता हिशेब. दलोने पती-पत्नीची नावं ध्यानात ठेवा म्हटलं होतं. फ्रान्समध्ये १९२० पासून कायदा आहे : चित्रकाराचं चित्र पुन्हा विकलं गेलं की त्या किमतीतला काही वाटा चित्रकाराला, आणि त्याच्यामागे वारसांना. मृत्यूनंतर सत्तर वर्षं. सोनिया दलोने १९७९ साली वारल्या. म्हणजे त्यांच्या चित्राच्या लिलावातला वाटा २०४९ पर्यंत वारसांचा. उत्तम. आणि त्यांच्या मुलाने आयुष्यभर ज्या तबकड्यांच्या याद्या केल्या, त्या शंभर वेळा विकल्या गेल्या तरी वाजवणाऱ्याला शून्य. पेट्रिलोचा निधीही नव्या विक्रीपुरताच. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ५३-अ हे कलम आलं : मूळ चित्र, शिल्प, हस्तलिखित दहा हजार रुपयांवर पुन्हा विकलं गेलं तर दहा टक्क्यांपर्यंत वाटा. त्यात संगीताचं मूळ हस्तलिखितही येतं बरं का! पण जॅझवाल्याची खरी कमाई ती जागच्या जागी सुचलेली. ती कागदावर नसतेच.

कायद्याचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. तो म्हणतो, चित्र एकमेव असतं, रेकॉर्ड ही हजारातली एक नक्कल. बरोबर. मग आम्ही नादिष्ट लोक करतो काय? भिंग घेऊन पत्ता पाहतो, सही पाहतो, कान पाहतो, आणि छाती फुगवून म्हणतो, ही नक्कल नव्हे, ही ‘ओरिजिनल’. भाव ओरिजिनलचा लावतो. वाजवणाऱ्याचा वाटा काढायची वेळ आली की मात्र ती नक्कल. एकाच वस्तूची दोन खात्यांत दोन वेगळ्या नावांनी नोंद केली तर आमच्याकडे ऑडिटवाले चहासुद्धा घेत नाहीत.

यावर उपाय काय, हे मला कोणी विचारलेलं नाही. मी एवढंच करतो की नव्याने छापलेलीही अधूनमधून विकत घेतो. तिच्यातून वारसांपर्यंत काही पोचण्याची निदान वाट तरी असते. कान नसतो, आवाज पुष्कळदा जुनीपेक्षा स्वच्छ असतो. नादिष्टांच्या सभेत हे बोलू नये.

प्रतवारीचा आणखी एक नियम सांगायचा राहिला. कव्हरवर आधीच्या मालकाने नाव लिहिलेलं असेल तर किंमत कमी होते. मला उलट तीच कव्हरं आवडतात. मागे चाचाकडे आर्मस्ट्राँगची दमदमला छापलेली एक एल.पी. मिळाली. १९६४ मध्ये आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेला होता. त्याच सालची तारीख कव्हरच्या मागे निळ्या शाईत, खाली कुणाचं तरी नाव, भायखळ्याचा पत्ता आणि ‘पहिल्या पगारातून’ असं इंग्रजीत. तबकडी ‘गुड’, म्हणजे वाईट. चाचाने दीडशे सांगितले. मी कव्हर उलटून वाचतोय असं पाहून त्याने घाईघाईने गल्ल्यातून खोडरबर काढलं.

‘‘मिटा देता हूँ साहब, एकदम नया लगेगा.’’

मी म्हटलं, ‘‘राहू दे. वाटल्यास वीस जास्त घे.’’

चाचाने रबर खाली ठेवलं, नाव डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि विचारलं, ‘‘साहब, ये कोई बड़ा आदमी था क्या?’’